हातांची शाळा

प्रज्ञाताईचे हात तिच्या शब्दांच्या आधी उठतात. हिवाळ्यातल्या सकाळी, पवना नदीकडून आलेलं धुकं अजून पेंढ्याच्या गंजीवर रेंगाळत असताना, ती अंगणातल्या उन्हाच्या पहिल्या पट्ट्यात येऊन उभी राहते आणि काही सांगण्याआधी तिची बोटं हवेत उघडतात. घराच्या निळ्या भिंतीवर त्यांच्या सावल्या पाखरांसारख्या हलतात. तिच्याविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा मला तिचा चेहरा नाही, हे हात आठवले. ते मला नीट लिहिता येतील की नाही, याची अजूनही खात्री नाही.

ताई व्हिएतनाममधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गात कोरियाचं मूल असतं, जपानचं असतं, फ्रान्सचं असतं, आणि सुरुवातीला कुणालाच कुणाचं बोलणं कळत नसतं. म्हणून तिथल्या शिक्षकांना आधी हातांनी बोलावं लागतं. कानामागे धरलेला तळवा म्हणजे ऐका. छातीपाशी उभा पंजा म्हणजे थांबा. खांद्यावरून मागे टाकलेला हात म्हणजे काल, आणि कमानीसारखा पुढे उतरणारा हात म्हणजे उद्या. शब्द नंतर येतात. भातखाचरात आधी पाणी साठावं आणि मग रोप उभं राहावं, तसे.

तिची आई, कांतामावशी, आमच्या शेजारी एकटी राहते. ताईचे वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. ते गेले, आणि पुढे मावशीचे कानही हळूहळू गेले. कानाचं यंत्र तिने लावून पाहिलं आणि "लय घरघर करतंय" म्हणून फडताळात ठेवून दिलं. फोनवरून ताईचा आवाज पोचेनासा झाला, तेव्हा ताई व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर वर्गातल्यासारखीच बोलू लागली. जेवलीस का, गोळी घेतलीस का, थंडी आहे का, सगळं हातांनी. मावशी शिकली. इतकी शिकली की कोंबड्यांनाही पंजा दाखवून थांबवू लागली, आणि मावशी फॉरेनची भाषा बोलते अशी आळीत थट्टा सुरू झाली. फक्त एक खूण तिची स्वतःची होती. ऐकायचं नसलं की ती डोळे मिटून घ्यायची. ज्याच्या कानांना ऐकू येत नाही, त्याच्याकडे न ऐकण्याचा तेवढाच उपाय असतो. गोळीचा विषय निघाला की पापण्या खाली.

या डिसेंबरात ताई सुट्टीवर आली ती स्वस्थ नव्हती. तिचा शाळेशी असलेला करार संपत आला होता, आणि पुढे राहणार की नाही हे तिला सुट्टीतच कळवायचं होतं. तिची बॅग पलंगाशेजारी उघडीच असायची. कपडे तिच्यातून निघत आणि धुऊन पुन्हा तिच्यातच जात. मनगटावरचं घड्याळ तिने इथल्या वेळेला लावलंच नव्हतं, त्यामुळे आमची सकाळ सरत आलेली असताना तिचं अर्धं मन तिथल्या दुपारकडे कललेलं असे. भाकरी थापणाऱ्या आईशेजारी ती बसायची, उठायची, गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायची. पुलाखालच्या द्रुतगती मार्गावरून उर्से टोलनाक्याच्या दिशेने गाड्यांचा प्रवाह अखंड वाहत असतो. त्यांच्याकडे पाहत ती उभी राहायची आणि काही न ठरवता परत यायची. मी सोबत असायची. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मलाही शिकवायचं आहे, मलाही लांब जायचं आहे. ती काय ठरवते याकडे मी स्वतःचं पुढचं आयुष्य पाहावं तशी पाहत होते, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

एका सकाळी शेजारचे बबनभाऊ कुंपणावरून बोलले, "काय मास्तरीणबाई, तितं लोकांच्या पोरांना हात करून शिकवता, आन हितं म्हातारी भिंतीला हात करीत बसती."

"व्हय भाऊ," एवढंच ताई म्हणाली आणि हसली. पण त्या दिवशी पुलाकडे जाताना तिची पावलं भरभर पडत होती.

पुलावर ती म्हणाली, "वैशू, मी शाळेला नाही म्हणून कळवते. बास झालं आता."

"आणि तुझी शाळेतली पोरं?" मी चाचरत विचारलं.

तिने कठड्यावर हात टेकले. "एक मुलगी आहे वर्गात. अजून एक शब्द बोललेली नाही. सुट्टी लागली त्या दिवशी दारात थांबली आणि असा हात केला." ताईचा हात कमानीसारखा पुढे उतरला. उद्या.

दुपारी मावशी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. ताई समोर बसली. बोट छातीला लावलं, मग दोन्ही तळवे हळूच जमिनीकडे नेले. मी, इथेच. मावशीने पाहिलं. ताईने पुन्हा करून दाखवलं. आणि मावशीने डोळे मिटले.

ताईचे हात हवेतच राहिले. तिने आईच्या गुडघ्याला हात लावला. पापण्या अधिकच घट्ट झाल्या. शेंगा सोलणारी बोटं मात्र थांबली नाहीत. शेवटी ताईचे हात मांडीवर उतरले तेव्हा मावशी डोळे न उघडताच, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा चढ्या आवाजात बोलली.

"पोरं वाट बघत आसतील तितं. मी कुटं चाललीय? फोनात दिसतीस, तवा हसतीस तरी. हितं तोंड पाडून बसशील, तर मला रोज डोळं मिटावं लागत्याल." मग थोडं थांबून, "आन ते कानाचं मशीन मी लावणार न्हाई. ते सांगू नकोस."

ताई हसली, आणि हसतानाच तिने चेहरा दोन्ही हातांत लपवला. एवढ्या दिवसांत ते हात प्रथमच काही बोलत नव्हते.

सुट्टी संपली आणि ती शाळेकडे परत गेली. निघताना गाडीच्या काचेतून तिने हात पुढे उतरवला, आणि अंगणातून मावशीने तोच हात परत केला.

परवा मी गेले तेव्हा मावशी ओट्यावर उन्हात डोळे मिटून बसली होती. समोर कुणी नव्हतं, नाकारावं असं कुणी काही सांगत नव्हतं, आणि फोन यायलाही अवकाश होता. तरी तिच्या मांडीवरची बोटं किंचित हलत होती, दूरच्या कुणाशी बोलणं चालू असावं तशी. तिच्यावरच्या उन्हात माझी सावली पडू नये म्हणून मी दारातच थांबले. मला वाटलं, दूर गेलेल्या माणसाला काळ रोज खांद्यावरून मागे, कालकडे टाकत राहतो. आणि वाट पाहणारं माणूस काळाचा तोच हात धरून हळूच पुढे, उद्याकडे उतरवत राहतं.