तासाला चाळीस

तासाला चाळीस पौंड. गेली अकरा वर्षं बेव्हर्लीने ग्रिम्सबीतल्या घरच्या प्रत्येक नाताळच्या जेवणात हा आकडा टर्कीच्या बरोबरीने वाढला होता. गाडी चालवायला शिकवणारी बाई, स्वतःची गाडी, स्वतःचा धंदा, डोक्यावर साहेब नाही. ऐकणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. आणि आता तिचा धाकटा भाऊ क्लाइव्ह मासळीच्या कारखान्यातल्या नोकरीवरून कमी झाला, भरपाईचे नऊ हजार पौंड घेऊन रविवारी जेवायला आला आणि म्हणाला, "बेव्ह, मीपण शिकवणार."

भावाच्या पैशांना आग लागणार होती आणि काडी तिनेच ओढून ठेवली होती.

"त्यात काही दम नाही रे," ती म्हणाली.

"तूच सांगतेस ना, तासाला चाळीस."

"चाळीस घेते. उरतात किती, ते कधी विचारलंस?"

विचारायची सोयच तिने कधी ठेवली नव्हती. आज मात्र तिने काटा-सुरी खाली ठेवली. आठवड्याला शेहेचाळीस तास घराबाहेर, त्यातले शिकवण्याचे बावीस. बाकीचे एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ताटकळण्यात जातात, त्याचे पैसे अजून कुणाच्या आईने दिलेले नाहीत. ऐनवेळी नाही म्हणणारे तर हक्काचेच. एकीचं मांजर या महिन्यात चौथ्यांदा अत्यवस्थ झालं होतं आणि अजून ठणठणीत होतं.

"आले आठशे ऐंशी. गाडीचा हप्ता आणि विमा एकशे नव्वद. पेट्रोल एकशे दहा. टायर आणि दुरुस्ती साठ, कारण माझी शिकाऊ मंडळी फुटपाथला विचारल्याशिवाय वळत नाहीत. परवाना, फोन, किरकोळ मिळून तीस."

"किरकोळ म्हणजे?"

"चहा. चहा घेतल्याशिवाय कॅफेवाले संडास वापरू देत नाहीत. आणि चहा प्यायला की पुन्हा संडास लागतो. उरले चारशे नव्वद. शेहेचाळीसने भाग."

क्लाइव्हने फोनवर भागलं. "साडेदहा?"

"वर पंधरा पेन्स आहेत, ते सोडू नकोस. माझ्याकडे शिकणारी किम्बर्ली दुकानात गल्ल्यावर बसते, तिला माझ्याहून जास्त मिळतात. वर भरपगारी सुट्टी."

हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिचे कान तापले. लाज वाटली, पण अकरा वर्षांत पहिल्यांदा हलकंही वाटलं.

क्लाइव्हने फोन खाली ठेवला. मग गालात हसला. "कळलं. गावात दुसरा कुणी नकोय तुला."

"अरे, खरं सांगतेय मी."

"एवढं वाईट असतं तर अकरा वर्षं काढली असतीस?"

हाच प्रश्न ती दर रविवारी स्वतःला विचारत होती.

"हे बघ," क्लाइव्ह म्हणाला, "शिक्षक घडवतो अशी जाहिरात करणारे मला तयार करायचे तीन हजार मागतात. तू अडीच घे. पैसे घरातल्या घरात राहतील."

ती नाही म्हणाली. दुसऱ्यांदाही नाही म्हणाली. मग तिची नजर खिडकीबाहेर उभ्या गाडीवर गेली. शुक्रवारी शिकायला आलेल्या दवाखान्यातल्या एका रिसेप्शनिस्टने चढावर तिचा क्लच जाळला होता आणि गॅरेजवाल्याने आठशे सांगितले होते. या धंद्यात पैसा होता म्हणायचा. तो शिकवण्यात नव्हता, शिकवणारे तयार करण्यात होता, आणि हे कळायला तिला अकरा वर्षं लागली होती. तिला स्वतःची किळस आली. तिने खात्याचा नंबर सांगितला.

"सोमवारी नऊला ये," ती म्हणाली. "गाडी तुझी आण."

"माझी? का?"

"माझी गॅरेजात असेल. तुझ्या पैशांनी."

क्लाइव्ह पोट धरून हसला. त्याला वाटलं, बहीण गंमत करतेय.