येतोबा

शाळेच्या खिडकीची मोठी काच एकटीने उचलायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. पण हाक मारायची कुणाला? बॉम्बच्या हादऱ्यांनी निम्म्या शहराच्या काचा गेल्या होत्या, आणि त्या बसवणारा नवरा लढाईत कामी आला होता. दोघं परक्या मुलखातून इथे आली, तेव्हा त्याने आधी दुकान थाटलं, मग हिरकणी बसवलेल्या कटरने काच कशी कापायची ते तिला शिकवलं. लढाई पेटल्यावर स्वतःहून सैन्यात गेला. "ज्यांच्या खिडक्या बसवल्या त्यांच्यावर कुणी चाल करून येतंय, आणि मी काय बघत बसू?" एवढंच म्हणाला.

लेक काचेच्या रिकाम्या खोक्यात दुपट्यावर पालथी पडून स्वतःच्याच मुठीशी भांडत होती. इकडे आईने काच कशीबशी कमरेपर्यंत आणली आणि एक टोक कलंडलं.

"वहिनी, सांभाळा!" कुणीतरी ते टोक धरलं.

वहिनी! हा शब्द इथे एकाच माणसाने शिकवला असणार. काचेपलीकडे ताडमाड शिपाई उभा होता. म्हणजे हाच तो लंबू, नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त.

"इतके दिवस कुठे होता?" तिचा आवाज चढलाच. "शेवटी त्याच्याबरोबर तुम्हीच होतात ना?"

"म्हणूनच तोंड दाखवलं नाही." दोन्ही हात काचेत अडकलेले, लंबूला पळायची सोय नव्हती. "पुलापलीकडे आपला ड्रायव्हर जखमी होऊन पडला होता. हा उठला. मी म्हटलं, मीही चलतो. तर हात करून म्हणाला, 'येतो.' म्हणून मी भिंतीआड थांबलो. ड्रायव्हर वाचला, याने त्याला अलीकडे ढकललं. हा काही आला नाही, आणि मी थांबूनच राहिलो. तिकडे तो माझी वाट बघत राहिला असेल तर, वहिनी?"

'जायचं होतंत ना मग!' तिच्या अगदी ओठांवर आलं. पण एक शब्द अडकला.

"तुमच्या भाषेत म्हणाला, 'येतो'?"

"नेहमीचंच ते. संडासला निघाला तरी 'येतो'. जाणारा माणूस येतो म्हणतो, म्हणून आम्ही हसायचो. येतोबाच नाव पडलं होतं."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"अहो, आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणूच देत नाहीत कुणी. 'येतो' म्हणजेच निघालो. मागे राहणाऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून म्हणायचं."

"म्हणजे... निरोप घेतला त्याने माझा?"

"अगदी रीतसर."

दारातून निघताना तिलाही तो हेच म्हणाला होता. आणि इतके दिवस ती मनातल्या मनात त्याला खोटारडा म्हणत होती.

लंबूचा चेहरा वेडावाकडा झाला.

"रडू नका, काच निसटेल. तुमची बाजू वर घ्या. अजून थोडी. हं, सोडा."

काच चौकटीत बसली. ती कडेने लांबीचा लगदा भरत होती, तोवर लंबूने लेकीला उचललं. लेकीने त्याचा बिल्ला चाटून ओला केला.

"उद्या बेकरीची काच आहे, भावजी. एकटीला झेपणार नाही म्हणून नको सांगून आले होते. आता हो सांगते."

"मला काच कापता येत नाही, वहिनी."

"त्याला तरी कुठे येत होती? पहिल्याच आठवड्यात इतक्या फोडल्या, की शेजारी विचारायला आले, लढाई सुरू झाली का म्हणून!"