काठावरची काजळी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्यात बिस्किटं होती; १९८९ पासून पुढची बावीस वर्षं काजळी.

मित्रांनो, जव्हारच्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या दिवशी पुष्पाबाई माझ्यात खोबरेल ओतून काजळी कालवत. मग बाजारपेठेतल्या मुलांची तोंडं काळी करत. कमरेला पाला, डोक्यात पिसं. नाचाचं नाव 'आदिवासी नृत्य'. मुलं हुर्र-हुर्र ओरडत, टाळ्या पडत. अकरा वेळा पहिला क्रमांक आला. मला फार अभिमान वाटे. ज्यांची ही नक्कल, ते पाड्यांवरचे आईबाप मागच्या सतरंजीवर बसलेले असत. ते टाळ्या वाजवत नसत. मी त्याचा कधी विचार केला नाही.

२००४ साली रांगेत साखरशेतच्या पाड्यावरची रविना आली, पाचवीतली. बाईंनी माझ्यात बोट बुडवलं, तिच्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"तुला कशाला गं रंग? चल, पुढे हो!"

सगळी रांग हसली. रविनाही हसली. मग कमरेचा पाला सोडून तिनं माझ्याशेजारी ठेवला. तीन दिवस ती शाळेत आली नाही.

यंदा शाळेला पन्नास वर्षं झाली. तोच नाच पुन्हा करायचं ठरलं. निवृत्त पुष्पाबाईंना मानानं बोलावलं. अडगळीतून मला काढून त्यांच्यापुढे ठेवलं ते रविनानं. ती आता इथंच शिक्षिका आहे.

"बाई, आधी मला रंग लावा. तेव्हा राहिला होता."

बाईंना आठवलं. "अगं, गमतीनं म्हटलं होतं मी."

"हो बाई. म्हणून तर मलाही हसावं लागलं."

दारात रविनाची आजी गौराबाई उभी होती. "आन् ह्यो पाला कशाला गं बाय? पाला आमच्या शेळ्या खात्यात. आमी लुगडी नेसतो!"

मुलं खिदळली. पुष्पाबाईंनी माझं झाकण लावलं.

संध्याकाळी त्या मला घेऊन रंगमंचावर गेल्या. "हा डबा माझा. चूकही माझी. रविना, मी तुझी माफी मागते."

मग कोऱ्या तोंडांची मुलं गौराबाईंभोवती फेर धरून, त्या दाखवतील तशी नाचली. "पाय उचल रं कमलेश! चिखलात रुतलास का?" मागच्या सतरंजीवरून पहिली टाळी आली.

आता मी वाचनालयाच्या कपाटात सुखात आहे. शिपाई चंदूभाऊ मला घासून लखलखीत करणार होते. रविनाबाई म्हणाल्या, "काठावरची काजळी राहू द्या, भाऊ."

मित्रांनो, मला जपा, पण धुऊ नका. कोणी विचारलं, तर माझ्यात काय होतं आणि ते कोणाला लावलं, हे सरळ सांगा. कोणाला लावलं नाही, तेही सांगा.