किचापच्या छातीचा फोटो

माझी बायको रुगाया बाळंतिणींची पोटं बांधायची. मलेशियातल्या कोता बारूत आमच्या बाजूला कुणी बाळंत झालं की तिलाच बोलावणं यायचं. लांब सुती पट्टा पोटाभोवती गुंडाळून ती आवळायची आणि म्हणायची, "आता सगळं आपापल्या जागी बसेल." ती गेली. माझ्याकडे तिचा तो पट्टा उरला आणि तिची मांजर; सोया सॉससारखी काळी म्हणून नाव किचाप.

एका सकाळी गल्लीत किचापला मोटारसायकलनं उडवलं. रक्त कुठे दिसत नव्हतं, पण तोंड उघडं टाकून ती धापा टाकत होती. बरगड्या मोडल्या असणार, असं मला वाटलं. मी पट्टा काढला आणि तिची छाती घट्ट बांधली. रुगायानं हेच केलं असतं, असं मनात आलं.

शेजारची मेक याम गाडी घेऊन आली. मला ती अबांग, म्हणजे दादा, म्हणते. "अबांग, मांजर बाळंत झाली की काय?" असं म्हणाली खरी, पण किचापचं तोंड बघून तिनं लगेच गाडीचं दार उघडलं.

दवाखान्यात डॉक्टर झुलैकानं बघताक्षणी विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"मी. हाडं हलू नयेत म्हणून."

"पाकचिक, अहो काका, तिला छाती फुलवायलाच जागा नाही! सोडा आधी."

मी जन्मभर धक्क्याला होड्या बांधल्या. माझी गाठ सुटता सुटेना. डॉक्टरनं कात्री उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. रुगायाच्या हातचं माझ्याकडे तेवढंच होतं. किचापची जीभ निळी पडत चालली होती.

"काप, पोरी. काप."

पट्टा तुटला. डॉक्टरनं किचापच्या तोंडाशी प्राणवायूची नळी धरली.

"लवकर एक्स-रे काढा ना," मी म्हणालो.

"आधी श्वास, मग फोटो. आत्ता उताणी पाडली तर टेबलावरच जीव सोडेल."

किचाप होती तशी बसलेली असतानाच डॉक्टरनं सोनोग्राफीचं यंत्र तिच्या छातीला लावलं. डॉक्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. जरा वेळानं धाप कमी झाली, तेव्हा पोटावर निजवूनच एक्स-रे काढला.

"हवा काळी दिसते," तिनं संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे फुप्फुस काळं आहे, ठीक. या बाजूला पांढरं दिसतंय ना, ती आतडी. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटलाय, त्यातून वर घुसलीत."

"माझ्या बांधण्यानं?"

"नाही, फाटलाय धडकेनं. तुम्ही फक्त श्वास कोंडलात. पण तेवढ्यानंही गेली असती."

"वाचेल का गं?" मेक यामनं विचारलं.

"कुठे शिवायचं ते तर कळलं. आज जरा सावरू दे, उद्या पोट उघडते."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याबाहेर बसून होतो. मेक यामनं केळीच्या पानात बांधून भात आणला होता. पुडी हातात तशीच राहिली.

डॉक्टरनं आम्हाला आत बोलावलं. कालचा फोटो आणि आजचा, दोन्ही शेजारी लावले होते. आजच्यात दोन्ही बाजूंना काळं, मधे हृदय, आणि खाली पडद्याची कमानदार रेघ, कुठेही न तुटलेली.

"बघा पाकचिक, सगळं आपापल्या जागी बसलं."

मी हसत त्या काळ्यावरून बोट फिरवलं.

"काळं बघून इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय," मेक याम म्हणाली आणि स्वतःच डोळे पुसू लागली.

टाके चाटू नयेत म्हणून किचापला अंगरखा घालायचा होता. पट्ट्याचे कापलेले तुकडे मी मेक यामकडे नेले. "सैल शीव हं," मी बजावलं.

"तुम्ही सांगताय मला?" ती म्हणाली.

टाके निघायच्या आधीच एका दुपारी किचापनं तो अंगरखा घालून ताटलीतला तळलेला बांगडा पळवला. मला हसू आलं. पण रुगाया असती तर ओरडली असती, म्हणून मी तिच्यासारखाच मोठ्यानं ओरडलो. किचाप बांगड्यासकट अंगण ओलांडून सुसाट पळाली. तिला धाप लागली नाही.