मास्तरणीच्या कार्डावर

धाकटीला लहानपणापासून खोटं बोलता यायचं नाही. बोलायला गेली की कान असे लालबुंद व्हायचे, की घरातले तिला काही विचारण्याआधी तिचे कानच बघायचे. आणि आज तर खोटं चक्क तिच्या गळ्यात लटकत होतं! निळ्या दोरीला अडकवलेलं कार्ड, त्यावर मास्तरणीचा फोटो, मास्तरणीचं नाव, आणि त्यामागे धडधडणारी छाती मात्र धाकटीची.

मास्तरीण म्हणजे तिची खोलीतली जोडीदारीण. वयाने जेमतेम मोठी, पण भांडी कशी विसळावीत इथपासून श्वास कसा घ्यावा इथपर्यंत सगळ्यावर व्याख्यान झोडायची. कॉलेज सांभाळून ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला जायची. आज सकाळी ती तापाने फणफणली होती, आणि लाँड्रीत "आजारी आहे" म्हणणाऱ्या आधीच्या दोघींना पुन्हा कामावर बोलावलंच नव्हतं.

"मी जाते की तुझ्या जागी," धाकटी म्हणाली. त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नाही. घरी मावशी आजारी पडली की आई तिच्या डब्याच्या पोळ्या लाटून द्यायची, आईला बरं नसलं की मावशी तिचं शिवण गिऱ्हाइकांकडे पोचवायची. एकीचं काम दुसरीने ओढायचं, त्यात विचारायचं काय?

पण घरी पोळ्या लाटायला व्हिसा लागत नव्हता. इथे परदेशात विद्यार्थ्यांना आठवड्याला ठरावीक तासच काम करायची परवानगी, आणि धाकटीचे ते तास कॉलेजच्या उपाहारगृहात ताटं पुसण्यातच संपून गेले होते. आता तिने उशीच्या अभ्र्याची घडी घातली तरी तो गुन्हा, आणि तोही दुसरीच्या नावाने. सापडलं तर शिक्षण अर्ध्यावर सोडून परत. एकटी नाही, दोघीही. हे सगळं तिला लाँड्रीच्या दारातून आत शिरल्यावर आठवलं. शहाणपण तिच्याकडे नेहमी शेवटची गाडी पकडूनच यायचं!

देखरेखीची बाई याच आठवड्यात दुसऱ्या इमारतीतून आली होती, म्हणून तिला अजून चेहरे पाठ नव्हते. मुलींनी तिचं नाव ठेवलं होतं इस्त्रीबाई. बोलली की समोरच्याच्या सगळ्या सुरकुत्या सरळ! तिने कार्डाकडे ओझरतं पाहिलं आणि बोट दाखवलं, "रोलरवर."

रोलर म्हणजे भिंतीएवढी इस्त्री. एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती पापडासारखी कडक होऊन बाहेर येते. मशीन सतत हुंकारत होतं. दार उघडलं की धाकटीला वाटायचं, आले तपासनीस. कुणी हसलं की वाटायचं, ओळखलं मला. पलीकडून मास्तरणीच्या नावाने हाक आली, तेव्हा ती तिसऱ्या हाकेला वळली, आणि वळता वळता चादरीची कड रोलरमध्ये दुमडली. तिने ती सरळ करायला हात घातला.

ओरडली नाही. ओरडलं तर माणसं जमतात.

उजव्या हाताची बोटं आणि तळवा लालभडक झाला होता. ती पाठीमागे हात लपवून स्वच्छतागृहात पळाली. भाजलं की काय लावायचं? आई टूथपेस्ट लावायची! पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायच्या इवल्या इवल्या ट्यूबांचं खोकं बाहेरच होतं. तिने ट्यूबमागून ट्यूब पिळून हात पांढराफेक करून टाकला. क्षणभर गार वाटलं, मग असा जाळ उठला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आणि नेमका तेव्हाच आईचा फोन.

"जेवलीस का गं?"

"हो."

"ही कसली घरघर?"

"पंखा आहे, आई. लायब्ररीतला."

"एवढ्या थंडीत पंखा? कुणाचं डोकं तापलंय तिथे? आणि आवाज का असा रडका येतोय?"

"सर्दी झालीये."

"मग पंख्याखालून ऊठ की, बावळट!"

धाकटीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर हुंदका. तिने फोन घाईने बंद केला. मागे वळली तर दारात इस्त्रीबाई.

इस्त्रीबाईने हवेत नाक वर केलं. "पुदिन्याचा वास येतोय." मग तिला तो पांढरा हात दिसला. "हे काय? हाताला दात आलेत का?"

तिने धाकटीचं मनगट धरून हात वाहत्या गार पाण्याखाली ओढला. "टूथपेस्ट? भाजल्यावर? उष्णता आतच कोंडून ठेवलीस, मुली! पाणी, नुसतं पाणी. हलायचं नाही." पेस्ट धुऊन गेली तसे फुगलेले फोड दिसायला लागले. इस्त्रीबाईचा चेहरा बदलला. "दवाखान्यात जायचं. मशीनवर भाजलं की नोंद करावीच लागते. मी गाडी बोलावते. पासपोर्ट आणलायस ना? ते ओळख पटवून घेतात."

पासपोर्टवर तर धाकटीचंच नाव होतं.

"नको. बरं वाटतंय."

"बोटं मिटून दाखव."

धाकटीने प्रयत्न केला. दोन बोटं जागची हलेनात. ती फिजिओथेरपी शिकत होती. माणसांचे आखडलेले सांधे हाताने मोकळे करायचं शिक्षण. ही बोटं अशीच राहिली तर व्हिसा असून तरी काय उपयोग?

"हे कार्ड माझं नाही," ती म्हणाली. इतकं हळू, की नळाच्या आवाजात ते जवळजवळ बुडालं.

इस्त्रीबाईने कार्ड उचलून फोटो पाहिला, मग तिला पाहिलं. "हे मला ऐकायला नको होतं," ती म्हणाली. "आता मला कळलंय म्हणजे लिहावं लागणार. मागचं दार उघडं आहे. गाडी यायच्या आत गेलीस तर मी काही पाहिलं नाही. पण मग त्या हाताचं तुझं तू बघ."

ती बाहेर गेली. धाकटीने डाव्या हाताने मास्तरणीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"पळ," मास्तरीण म्हणाली. आवाज तापाने जड झाला होता. "नाहीतर माझंच नाव सांग तिथे."

"उद्या तू त्याच दवाखान्यात ताप दाखवायला गेलीस तर? तुझ्या नावावर माझे फोड शोधतील. अगं, बोटं मिटत नाहीयेत माझी."

पलीकडे मास्तरीण खोकत राहिली.

"ऐक," धाकटी म्हणाली, "मी सांगते, कार्ड तुला न विचारता घेतलं. तू झोपली होतीस. म्हणजे तू तरी वाचशील."

मास्तरणीने "वेडी आहेस का" म्हणायला हवं होतं. धाकटीने त्या शब्दांची वाटही पाहिली.

"खरंच सांगशील तसं?" मास्तरणीने विचारलं.

मागच्या दारातून गल्ली दिसत होती. धाकटी तिथे उभी राहिली, एक पाय उंबऱ्यावर. आयुष्यात इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं, विमानात बसतानासुद्धा नाही. मग बोटांत पुन्हा कळ उठली आणि ती वळून पुढच्या दाराशी, गाडीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली.

दवाखान्यातल्या खिडकीपाशी तिने स्वतःचं नाव सांगितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. आभाळ कोसळलं नाही. खिडकीतल्या माणसाने फक्त तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. कोसळणारं आभाळ शेजारच्या खुर्चीवर, नोंदीचा कागद मांडीवर घेऊन बसलं होतं.

"कार्ड कसं आलं तुझ्याकडे?" इस्त्रीबाईने विचारलं.

"न विचारता घेतलं. ती झोपली होती."

कान पेटले. इस्त्रीबाई तिच्याकडे बघत राहिली. "असंच लिहू?"

"असंच लिहा."

"मी लिहीन. पुढचं वरचे लोक ठरवतील. बोलावतील तुला." जाताना ती थांबली. "बोटं वाचतील म्हणालेत डॉक्टर. रोज हलवायची."

बोलावतील. खोलीकडे येताना हा एकच शब्द तिच्या मागे मागे चालत होता. जिन्यात कुणाच्या बुटांचा आवाज आला तरी ती भिंतीला चिकटत होती. व्हिसा गेला तर आईला काय सांगायचं? लायब्ररीत पंख्याखाली बसून भाजले म्हणून?

दार मास्तरणीने उघडलं. अंगात ताप तसाच, डोळे रडून सुजलेले. तिने धाकटीच्या हातावरचा पट्टीचा पांढरा गोळा पाहिला, आत जाऊन गरम भात कालवला आणि समोर बसून तिला एकेक घास भरवायला लागली. पाणी कसं प्यावं, कसं चावावं, आज एकही व्याख्यान नाही.

बऱ्याच घासांनंतर ती खाली बघत म्हणाली, "उद्या सकाळी मी इस्त्रीबाईकडे जातेय. कार्ड मीच दिलं होतं म्हणून सांगायला."

धाकटीने जोरात मान हलवली. नको, नको, एकीचं तरी शिक्षण राहू दे, तिला ओरडायचं होतं. पण मास्तरणीने तोवर एवढा मोठा घास तिच्या तोंडात कोंबला होता, की तिला शब्दच फुटला नाही.