बेलार्मिनो बुवा आणि कडू कसाव्याचा रस

कसाव्याच्या कंदांचं पीठ करायच्या आमच्या पीठघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. तोकान्चिन्स नदीकाठची झाडून सगळी माणसं होड्या बांधून आली होती. मधोमध बेलार्मिनो बुवा उभे. स्वतः आणलेली कसाव्याची मुळं त्यांनी सर्वांसमोर किसून पिळली आणि रसाचा पेला उंच धरला.

"हा कच्चा रस पिऊन डुक्कर मरतं ना?"

माना हलल्या.

"मग बघा." बुवांनी घोटभर रस घेतला, ओठ पुसले आणि हसले. बायकांनी छातीवर क्रूस काढला.

कडू कसाव्याचा रस आम्ही उकळल्याशिवाय तोंडाला लावत नाही. कच्चा रस पानं कातरणाऱ्या मुंग्यांच्या वारुळात ओततो. पण काही महिन्यांपूर्वी बुवांनी तो पवित्र ठरवला आणि वारुळात ओतायला बंदी केली. लोक मडकी भरभरून आशीर्वादाला आणू लागले आणि तो रस घरात शिंपडू लागले; प्यायला मात्र अजून कुणी धजावलं नव्हतं. तिकडे मुंग्यांची चंगळ झाली. माझ्या शेतात नुसत्या काड्या उरल्या. बुवांना मात्र घरटी टोपलीभर पीठ पोचत होतं.

माझी मावशी, दोना युलालिया, घरून आणलेल्या मडक्यातल्या रसाचा पेला घेऊन पुढे सरकली. पीठ भाजायच्या भट्टीपुढे बसून बसून तिचे गुडघे धरले होते. बुवांनी पेल्यावरून हात फिरवला.

"पी, आई. संध्याकाळी नाचशील."

मी पुढे झालो. "मावशी, पिऊ नकोस."

"तू गप रे. गुडघे माझे दुखतात."

शाळेतल्या लिंदाल्वाबाईंनी हळूच तिचा हात धरला. "मावशी, घाई काय आहे? आधी मुंग्यांना पाजू. त्यांचेही पाय दुखत असतील."

लोक हसले. बुवा हसले नाहीत.

पीठघरामागेच दोन वारुळं होती. बाईंनी बुवांच्या पेल्यातला उरलेला रस एकात ओतला. मुंग्या भिजल्या आणि अंग झटकून पुन्हा पानं ओढू लागल्या. मग बुवांनी आशीर्वाद दिलेला मावशीच्या पेल्यातला रस दुसऱ्यात ओतला. थोड्या वेळाने तिथली एकही मुंगी हलेना.

"बुवांची मुळं गोड्या जातीची," बाई म्हणाल्या. "आपण उकडून पोरांना देतो ना, तीच. दिसायला सारखीच, पण तिच्यात विष थोडं. म्हणून घोटभर पचलं."

"श्रद्धेनं विष उतरतं," बुवा पुटपुटले.

"मग मावशीच्या मडक्यातला घ्या."

बुवांना एकदम आठवलं, आज त्यांचा उपास होता.

"मघाशी नव्हता होय?" मावशीने विचारलं. एवढं बोलून ती मेलेल्या मुंग्यांकडे बघत राहिली. "मी प्याले असते रे," ती मला म्हणाली.

त्या रात्री मला फार राग आला होता, बुवांचा आणि आम्हा सगळ्यांचाही. देवाला खुशाल माना, माझी काही हरकत नाही. पण जो पेला आपल्या माणसाच्या ओठांना लावायचा, तो आधी तपासून बघा.