टायरला बांधलेली बंदूक

मी एक जुनी, जाड नळीची शिकारी बंदूक आहे. मित्रांनो, मला उचलायला कुणी पुढे येऊ नका. मी दमले आहे. आणि तशीही आता मी उचलण्याजोगी राहिलेली नाही.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरात ऑर्व्हिलने मला सांभाळले. चापाखालची कडी खाली-वर केली, की रिकामे काडतूस बाहेर पडे आणि नवे आत सरके. पुढे हलक्या, वेगवान बंदुका आल्या आणि माझी जाडजूड काडतुसे बनवणे कारखान्यांनी बंद केले. तेव्हा ऑर्व्हिल बर्फात पडलेली काडतुसांची रिकामी नळकांडी वेचून आणी, चुलीवर शिसे वितळवी आणि ती पुन्हा भरी. दारू भरताना हात नेहमी आखडता ठेवी. माझे वय त्याला ठाऊक होते. शेवटचे नळकांडे चिरले, तसे त्याने मला दाराजवळच्या खुंट्यांवर ठेवले. नंतर तोही गेला.

मग वर्षानुवर्षे धूळ. माझ्या कडीला लोक टोप्या अडकवत. वाईट वाटे, पण सवय होते हो सगळ्याची.

यंदा एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी ऑर्व्हिलचा मुलगा डेल ओरडतच घरात शिरला.

"लोर्ना! बाबांचं काडतूस परत आलंय! पुन्हा बनवायला लागलेत! अख्खं दुकान तुटून पडलंय नुसतं!"

"आधी चिखलाचे बूट काढ," त्याची थोरली बहीण म्हणाली.

"अगं, पहिल्यापेक्षा दुप्पट जोर आहे! अस्वलसुद्धा जागच्या जागी आडवं होईल."

"अस्वलाचं सोड. हिचं काय होईल?" लोर्नाने माझ्याकडे बोट केले.

"बाबा आयुष्यभर हिनेच शिकार करायचे."

"बाबा हिला अर्धपोटी ठेवायचे, डेल. आणि तू दुप्पट भरवायला निघालायस."

डेलने मला खाली काढले, तेल लावले, मायेने पुसले. खरे सांगू? त्या तेलाच्या वासाने मीही हुरळले. पुन्हा डोंगर दिसेल, असे वाटले. पण आतले पोलाद झिजले होते, ते मला कळत होते. मला बोलता येत असते तर!

"पहिली गोळी टायरला बांधून," लोर्ना म्हणाली. आमच्याकडे बंदुकीचा भरवसा नसला, की तिला जुन्या टायरला बांधतात आणि लांबून दोरीने चाप ओढतात.

"शेजारी हसतील! बाबांची बंदूक अन् टायरला?"

"हसू देत. मला एकच भाऊ उरलाय. तो दोन्ही डोळ्यांसकट माझ्यासमोर जेवायला बसलेला हवाय."

डेल पुटपुटला, पण ऐकला. कोठारामागे त्याने मला टायरला आवळले. नवे काडतूस अगदी जुन्यासारखे आत बसले, तसूभर फरक नाही. माप तेच, जोर मात्र दुप्पट; घात झाला तो तिथेच. दोघे ट्रकच्या आड गेले आणि डेलने दोरी ओढली.

मी फुटले.

माझा एक तुकडा कोठाराच्या फळीत रुतला. खांद्याला लावून नेम धरला असता, तर तिथे डेलचा उजवा डोळा असता. तो पांढराफटक पडून फळीपुढे उभा राहिला. मग तिथेच खाली बसून रडला. "बरी आहेस ना गं म्हातारे?" असे त्याने मला विचारले. लोर्नाने त्याचे डोके पोटाशी धरले.

आता मी पुन्हा त्याच खुंट्यांवर आहे, फुटकी. डेलने त्याच काडतुसाची कोरी बंदूक घेतली आहे. नाचू दे बिचाऱ्याला.

मित्रांनो, जुन्या गोष्टींना जरूर जीव लावा. पण नवा जोर भरण्याआधी त्यांना तो झेपेल का, हे बघा. काल डेलने टोपी माझ्या कडीला अडकवली, पुन्हा काढली, आणि दुसरीकडे ठेवली. राहू दे रे, अडकव. टोपीचे ओझे मला अजून झेपते.